ढेलज घरात धरायची का?

कल्याण,
ता. १० एप्रिल १९४८

ती. सासूबाईंना शेवंतीचा पाया पडून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. ह्यांची ड्युटी अजून इगतपुरीलाच आहे. माझा ताप उतरला. बाळ बरं आहे, बोट दिलं की मूठ सोडत नाही. गुरुवारी टिटवाळ्याहून येताना डिंकाचे लाडू आणू नका, मागचे आहेत अजून.

तुम्ही लिहिलंत, बारसं होईपर्यंत परक्या बाईला घरात घेऊ नकोस. आपली पहिली मुलगी गेली तेव्हापासून तुम्ही हे सांगताय, आणि मी देवापुढं तसा शब्द दिलेला आहे. एकच विचारते. दारातली ढेलज घरात धरायची का बाहेर?

शेजारच्या त्र्यंबक मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तापातून उठून हे काय काढलंस पोरी?" पण जाडं पुस्तक काढून बघितलं त्यांनी. म्हणाले, शब्द फारसीतला आहे, दहलीज. म्हणजे दारातून आत जायची छपराखालची वाट. आपल्याकडं येऊन त्याची ढेलज झाली. हिंदीत दहलीज म्हणजे नुसता उंबरा.

मी म्हटलं, "मग आत का बाहेर ते सांगा की."

"ते पुस्तकात नाही. तुला कुठलं पाहिजे ते सांग, तसं वाचून दाखवतो."

मला बाहेर पाहिजे होतं.

ढेलजेत एक बाई येते. छावणीतली सिंधी, ईश्वरी नाव तिचं. पापड विकायला आलेली, उन्हाची टेकली. वर छपराकडं बघून म्हणाली, "हमारे घर में भी थी, इससे बड़ी."

सासूबाई, तापात माझं दूध आटलेलं. तुम्हाला कळवलं नाही. गाईचं पाजलं की बाळ ओकायचं. दोन दिवस त्याला रडायला पण आवाज नव्हता. तिनं बघितलं आणि हात पुढं केले, "ला, इधर दे." मी दिलं. किती वेळ पीत होतं. आज दहा दिवस झाले, रोज चारदा येते.

तिला दूध कसं, हे तुम्ही विचाराल. तिचं बाळ कराचीहून येताना बोटीतच गेलं. ज्या बाईची सावली तुम्ही सगळ्यात वाईट म्हणता, तीच ही. मी फार भ्याले, अजून भिते. ती पण भिते. पाजताना भिंतीकडं तोंड करते, बाळाकडं बघत नाही.

मास्तरांकडं गेले ती खोटं बोलायला जागा मिळते का बघायला. ती आता ढेलजेत बसत नाही. मीच आत बोलावलं, तुमच्या बाजेवर बसवते.

गुरुवारी ढेलजेत पाय धुवायला पाणी ठेवलेलं असेल. ते तिनं भरलेलं असेल. नको वाटलं तर घेऊ नका, पण दारातून माघारी जाऊ नका. आधी बाळाला उचलून बघा, जड झालंय. मग मला काय बोलायचं ते बोला.

शब्द मोडलेली तुमची सून,
शेवंती