दक्षिणेची खोली

६ एप्रिल २०२५, पामर्स्टन नॉर्थ

भांडले! आल्या आल्या भांडले, आणि बरंच केलं.

स्वप्नाने आम्हाला पुढची खोली तयार ठेवली होती — उत्तरेची! आणि मागची, दक्षिणेची, स्वतःच्या कॉम्प्युटरला. सूनबाई हुशार आहेत. ह्यांचं व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय, पाय दुखतात, चार पावलं टाकली की दमतात. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं — उन्हात बसा, पालेभाज्या खा. आणि ही त्यांना उत्तरेला बसवणार! आमच्याकडे थंडीत दक्षिणेच्या खिडकीत पापड वाळतात.

क्षितिज म्हणतो, "आई, इथे विषुववृत्ताच्या खाली उलटं असतं गं. दुपारी सूर्य उत्तरेला असतो." वा रे वा! बायकोची बाजू घ्यायला आता सूर्यसुद्धा फिरवला. आयुष्यभर सातवीला विज्ञान शिकवलं मी. आणि हा मला शिकवणार!

स्वप्ना म्हणाली, "आई, तुम्हाला हवी असेल तर घ्या ती खोली." तोंड एवढंसं झालं तिचं. होऊ दे.

ह्यांनी बॅगेतून स्वेटर काढला आणि अंगात घातला.

८ एप्रिल

मागच्या भिंतीला लागून मेथी पेरली. पुडीतली थोडी उरली, ती स्वप्नाने मागून घेतली. ऊन पानात, पान पोटात, पोटातून रक्तात — दरवर्षी फळ्यावर काढायचे. वरच्या कोपऱ्यात सूर्य, मग झाड, मग गाय, मग माणूस, मध्ये बाण. सगळी ताकद त्या कोपऱ्यातून येते. आणि हल्लीची माणसं ती गोळीतून आणायला निघालीत!

१३ एप्रिल

मेथी उगवली. खोली मात्र गारठलेली. ढगच मेले जात नाहीत. खिडकीशी ह्यांची खुर्ची लावून देते, ऊन आलं की अंगावर पडेल म्हणून. हे स्वेटरवर स्वेटर घालून मुकाट बसतात.

१९ एप्रिल

मेथी नुसती उंच वाढली, पिवळी पडली, आडवी झाली. आज तर आकाश निरभ्र होतं, तरी भिंतीवर ऊन नाही! कारण सापडलं — शेजाऱ्याचं झाड. कुंपणापलीकडे माजलंय नुसतं! गेले तडक. "किया ओरा!" म्हणाला शेजारचा टॉम, म्हणजे इथला रामराम. या थंडीत पायात जँडल्स, नुसत्या रबरी सपाता! त्याला सांगितलं, झाड छाटा, आमचं ऊन अडतं. तर हसला! आमच्या घराच्या पुढच्या अंगाला बोट दाखवून म्हणाला, "हीप्स ऑफ सन देअर." तिकडे म्हणे ढीगभर ऊन! म्हणजे इथून चालत्या व्हा! उद्धट कुठला.

क्षितिजला म्हटलं, लाव कौन्सिलला फोन, इथल्या नगरपालिकेला. तो कपाळाला हात लावून बसला. बापावर गेलाय. वेळेला कुणी तोंड उघडेल तर शपथ!

२७ एप्रिल

ह्यांना भूक लागायला लागली! काल एक पोळी जास्त मागून घेतली. आज अंघोळीला जाताना माझा हात बाजूला केला — "जातो माझा मी." चेहऱ्यावर थोडं तेज आलंय. मेथी गेली खड्ड्यात, माझ्या डिंकाच्या लाडवांनी काम केलं!

स्वप्नाला मुद्दाम ऐकवलं. ती "हो आई" म्हणाली आणि भांडी लावत राहिली. त्या "हो आई"चा इतका राग येतो मला! अगं, भांड तरी!

६ मे

दुपारी पाय गार पडले म्हणून लवकर जाग आली. बघते तर हे खोलीत नाहीत! हाका मारत घरभर फिरले.

पुढच्या डेकवर, त्या लाकडी ओट्यावर होते. उत्तरेच्या. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, डोळे मिटलेले, अंगभर ऊन. कडकडीत, छान ऊन! शेजारी पायरीवर स्वप्ना, मांडीवर लॅपटॉप. कठड्याशी कुंडीत मेथी — माझ्याच पुडीतली, बुटकी, हिरवीगार, खुडायला आलेली.

मला बघून स्वप्ना ताडकन उठली. "आई, तुम्ही झोपलात की रोज थोडा वेळ बाबांना... सांगणारच होते मी." लॅपटॉप छातीशी घट्ट धरला होता पोरीने.

समोर सूर्य होता. माझी सावली मागे घरात पडली होती. फळ्यावर इतकी वर्षं सूर्य काढला, आणि खरा बघायला मान वर केली नाही! लाजेने मेले. आणि तोंडातून काय निघालं? "ह्यांची टोपी कुठाय? एवढ्या उन्हात बोडकं बसवलंस!"

"हो आई," म्हणाली आणि टोपी आणायला धावली.

७ मे

खोली बदलली. पलंग हलवताना ह्यांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग त्या गारठ्यात कुडकुडत कशाला बसलात? बोलला का नाहीत?"

"तू भांडून घेतली होतीस ना ती खोली."

इतकी वर्षं मला वाटायचं, हे माझं ऐकतात. घाबरतात हो, घाबरतात मला.