सरस्वतीची तसबीर उतरवली तो शनिवार

अण्णा, त्या शनिवारबद्दल आपण बाप-लेक कधी बोललो नाही. तुम्ही होतात तेव्हा मी विचारलं नाही, आणि आता इथे नौपाड्यात, मुलाच्या घरी, खिडकीशी बसून राहायचं एवढंच काम उरल्यावर तोच शनिवार समोर येऊन बसतो. कल्याणची आपली शाळा, सकाळचं कोवळं ऊन, आणि शेवटच्या तासाला तुम्ही फळ्यावर लिहिलेले प्रश्न: देवाला हाक कशी मारतात, रोज काय पाळतात, आणि काय केलं की चुकलं म्हणतात. फाळणी होऊन फार काळ लोटला नव्हता. विठ्ठलवाडीच्या पलीकडे, छावणीच्या बराकींत, घरदार सोडून आलेली माणसं दिवस काढत होती. गावात बोलणी दबक्या आवाजात चालायची. अशा दिवसांत तुम्हांला वर्गात जगातले धर्म शिकवायचे होते, आणि नियम असा की ज्याच्या घरचा धर्म त्यानंच सांगायचा. पुस्तकातून कोणी वाचायचं नाही.

आधीचे शनिवार मजेत गेले. रेल्वेच्या चाळीतला ख्रिस्ती मुलगा म्हणाला, चर्चमध्ये शिरताना आम्ही टोपी काढतो, आणि येशूचं शरीर म्हणून भाकरीचा तुकडा जिभेवर घेतो. मग बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, मुलगा उभा राहिला, तो नुसताच उभा. "अरे, सांग की," तुम्ही म्हणालात. "सर, आज आमचा शब्बाथ. काम करायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही, लिहायचं नाही. करून दाखवायचं तर हे एवढंच." मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमचापण शब्बाथ!" तुम्ही हसत हसत खडू खाली ठेवलात. तुमचं ते हसू वर्गात पुन्हा पाहिल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या शनिवारी वखारवाल्यांचा मुलगा. तो माझ्याच बाकावर बसायचा. व्हरांड्यात तांब्याभर पाण्यानं त्यानं हात धुतले, चूळ भरली, तोंड, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, मग पाय. "दिवसातून पाच वेळा," तो म्हणाला, "आणि तोंड मक्केकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला." पश्चिमेला फळा होता आणि फळ्यावर सरस्वतीची तसबीर. तो घुटमळला. "काय रे?" "काही नाही, सर. समोर चित्र नसावं लागतं. पण असू दे, मी डोळे मिटतो." तुम्ही विचारलंत, "डोळे मिटायचा नियम आहे का तुमच्यात?" "नाही, सर." "मग नको."

तुम्ही खुर्चीवर चढता आहात, अण्णा. रोज संध्या केल्याशिवाय चहासुद्धा न घेणारे तुम्ही. तसबीर कपाळाला लावता, आपल्याच उपरण्यात गुंडाळून टेबलावर ठेवता. तो उभा राहतो, वाकतो, जमिनीला कपाळ टेकतो, पुटपुटतो. मला ती कविताच वाटते. बोटांवर लघु-गुरू मोजत मी वृत्त शोधू लागतो, आणि सापडत नाही. तेवढ्यात बाकावरचं ऊन क्षणभर झाकोळलं. मधल्या खिडकीबाहेरून कोणीतरी गेलं होतं. कोण, ते अखेरपर्यंत कळलं नाही. तास संपायच्या आत तसबीर पुन्हा खिळ्यावर होती, पण ते पाहायला खिडकीत कोणी थांबलं नव्हतं.

दुपारी वाण्यानं मला साखर दिली ती मान वर न करता. "मास्तरनं सरस्वती उतरवली," एवढंच गल्लीभर झालं होतं. दिवेलागणीला गल्लीतले काहीजण आपल्या ओटीवर आले. सगळे ओळखीचे. माझ्या मुंजीला पंगतीत बसलेले. कोणी आवाज चढवला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. "सोमवारी प्रार्थनेला सगळ्यांदेखत चूक झाली म्हणा, मिटलं," एकजण म्हणाला. "चूक कोणती?" तुम्ही विचारलंत. मग दुसरा अगदी हळुवारपणे म्हणाला, "तुमचं काय मास्तर, तुम्ही आपलेच. पण त्या पोराचं घर वखारीला लागून आहे ना? लाकडं सुकी असतात."

ते गेल्यावर स्वयंपाकघरात आईनं पोळपाट बाजूला सारला. "अहो, मागून टाका माफी."

"कशाची मागू?"

"ते मला नाही कळत. लाकडं कळतात मला."

रविवारी वखारवाले मागच्या दारानं आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे. "मास्तर, तुमचं काही चुकलं नाही, मला ठाऊक आहे. तरी मागा. तुमच्यासाठी नका मागू, आमच्यासाठी मागा." आईनं दिलेलं पाणी उभ्यानंच पिऊन, दोन्ही बाजूंना बघून ते गेले. तुम्ही दिवसभर जेवला नाहीत. आम्हां पोरांना खोटं बोललं की अंगणात उभं करणारे तुम्ही, भिंतीकडे बघत बसून राहिलात.

सोमवारी प्रार्थना संपल्यावर तुम्ही पुढे झालात. "शनिवारी माझ्या हातून चूक झाली. क्षमा असावी." तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. माझ्या शेजारी वखारवाल्यांचा मुलगा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. वखार पेटली नाही. काहीच झालं नाही. काही आठवड्यांनी मात्र लाकूड विकून ते सगळे गेले. कोणी म्हणे भिवंडीला, कोणी म्हणे कराचीला. शनिवारच्या शेवटच्या तासाला तुम्ही व्याकरण घ्यायला लागलात, आणि "आता कोणाचा धर्म, सर?" असं वर्गात एकानंही विचारलं नाही.

पुढे ही गोष्ट मी मुलांना, नातवंडांना पुष्कळदा सांगितली. सांगताना शेवटी थोडा आवाज बारीक करून म्हणायचो, आमचे अण्णा वाकले. हे कागद कुठल्याच टपालपेटीत पडायचे नाहीत, म्हणून तुम्हांलाच सांगतो. वाकायला तुम्हांला एक अख्खा रविवार लागला. तुमच्या जागी मी असतो तर त्याच संध्याकाळी, ओटीवर, ती माणसं टेकायच्या आत हात जोडले असते.