ताडपत्रीखालचा तराफा

दादास,
धाकट्याचा हैदराबादहून रामराम. मी मजेत हाय. होड्यांचं प्रदर्शन लई मोठं हाय. वहिनीचा गुडघा कसा हाय?

फोनवर मासे धरायचा विषय काढला की तू कट करतोस, म्हणून गावाकडं निघालेल्या रामकिशनच्या हाती चिठ्ठी धाडून राहिलो.

गोठ्यातला आपला थर्माकोलचा तराफा उंदरांनी आतून कुरतडलाय. तू बोलशील म्हणून मी वरून ताडपत्री गुंडाळली. इथं तसाच आतून पोकळ झालेला एक हौदात सोडून दाखवला. माणूस बसताच मधोमध मोडला.

तू तळ्यावर जात न्हाईस म्हणतोस. पण मी परगावाहून घरी परतलो की माझ्या गळाला तुझ्या हातची गाठ असती.

तराफा मोडून टाक. सोबत पाण्यावर तरंगायचं जाकीट धाडलंय. तुझ्याच मापाचं हाय.

व्यंकट