वनजाक्काचा गळा

४ मार्च

पुरस्कार! सहायक अभिनेत्रीचा! मला — पुट्टलक्ष्मीला, जिची अख्खी हयात नायकाच्या ताटात नाचणीच्या मुद्द्यांचे गोळे वाढण्यात गेली!

निर्माते रंगप्पांचा फोन आला तेव्हा डोक्यावर मेंदी थापून बसले होते. म्हणाले, "अम्मा, दाराआडून रडता ना, त्या प्रसंगानं मिळवून दिलं! चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. परीक्षकांनी रुमाल काढले म्हणे!"

आनंदानं नाचणार तेवढ्यात आठवलं — आवाज माझा कुठाय?

५ मार्च

माझा आवाज म्हणजे फरशीवरून ओढलेलं कपाट. पहिल्याच सिनेमात डबिंगवाल्यानं दोन वाक्यं ऐकून चहा मागवला होता. तेव्हापासून पडद्यावर ओठ माझे, गळा वनजाक्काचा. ती चामराजपेटेत राहते, तोंडात सदा पान. पण शिवी दिली तरी मंगळागौरीचं गाणं वाटावं असा गळा! बाजारात लोक मला बघून हात जोडतात. मी "कोथिंबीर कशी दिली?" म्हटलं की दचकतात.

ते रडणं थेटरात ऐकून माझ्याच अंगावर काटा आला होता. आणि मी काय केलं? दारामागे उभी राहिले. तेवढं तर दारसुद्धा करतं.

७ मार्च

म्हैसूरपाक घेऊन वनजाक्काकडे. म्हणाली, "पुट्टी, लाजायला आलीस की मिरवायला?"

"दोन्ही."

"मग बस."

म्हटलं, स्टेजवर तुझं नाव घेणार. त्या रडण्याचं बोलणार तोच तिनं हात झटकला. "गप गं. मला सिनेमातलं काही सांगू नकोस, मी एकही पाहत नाही. तुझ्या तोंडात स्वतःचा आवाज ऐकला की मळमळतं." पण समारंभाला येईन म्हणाली. जेवण चांगलं असतं म्हणून.

१० मार्च

रंगप्पांना सांगितलं. ते किंचाळले, "अम्मा, पाया पडतो! बक्षीस काढून घेतील! पोस्टरं छापलीत!"

काढून घेऊ देत. नाही, नको घेऊ देत. आयुष्यात एकच तर मिळालंय!

१४ मार्च

माइकसमोर तोंड उघडलं, सभागृहात खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, "अम्मा, घसा बसलाय का?"

"बसला नाही, जन्मापासून असाच उभा आहे!" म्हटलं. "दाराआडून तुम्हाला रडवणारी ती बघा, तिथं. पान चघळतेय."

वनजाक्का जोरजोरात मान हलवायला लागली — नाही, नाही! म्हटलं, बाई लाजतेय. खाली उतरले आणि बक्षिसाची बाहुली तिच्या मांडीत कोंबली. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. रंगप्पांनी डोकं धरलं. घरी आले तेव्हा हात रिकामे होते, पण झकास वाटत होतं.

१५ मार्च

सकाळी वनजाक्का दारात, काखेत बाहुली.

"घे तुझी. काल मान हलवत होते ती काय व्यायाम म्हणून? गाढवे, त्या प्रसंगाच्या डबिंगच्या वेळी मी तापानं फणफणले होते. मी रडलेच नाही. शूटिंगला दारामागे तू रडलीस ना, तो तुझाच आवाज ठेवलाय त्यांनी. रात्री डबिंगवाल्याला विचारून खात्री केली."

मला रडू फुटलं. ती पान चघळणं थांबवून ऐकत राहिली.

"हां," म्हणाली, "असा आवाज मला कधी काढता आला नसता."