विश्वासू व्यक्तीचा रकाना

१२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मेलचं खातं हातचं गेलं, म्हणून कागद-पेन घेतलं. अक्षर अजून शाबूत आहे.

जन्म कॉलेजच्या परीक्षा विभागात गेला. रकाना रिकामा दिसला की मी अर्ज परत करायचे. तीच खोड नडली. पासवर्ड बनवून देणारी एक फुकटची वेबसाइट सापडली. तिनं नाव, मेलचा पत्ता, पासवर्ड कशासाठी हवा, सगळं विचारलं; मी सगळं नीट भरलं. तिनं दिलेला पासवर्ड लावला आणि दुसऱ्या दिवशी मलाच माझ्या खात्यात शिरता येईना. चोरानं ओळखीच्या सगळ्यांना माझ्या नावानं कळवलं की मी दवाखान्यात आहे, तातडीनं मदत हवी.

चोरीचं एवढं लागलं नाही. पण एकाचाही फोन आला नाही. तुझासुद्धा.

आता धड साधन कोणतं घ्यायचं ते उलटटपाली कळव. व्याख्यान नको.

आहेस तशी राहा, थोडं जास्त जेव.
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती दवाखान्याची मेल मलाही आली होती. 'कृपया' आणि 'विनंती' एकाच ओळीत! तू कसली लिहितेस असलं? ऑफिसात दिवसभर खोट्या मेल शोधणं हेच माझं काम. तुझीही त्याच ढिगात टाकली आणि पुढची उघडली. फोन करावा हे सुचलंच नाही.

नाव सांगत नाही, पारख सांगते. पासवर्ड तुझ्याच कॉम्प्युटरवर तयार व्हावा. इंटरनेट बंद करूनही चालेल असं साधन घे. त्याची आतली रचना बाहेरच्या जाणकारांनी तपासलेली असावी. पासवर्ड बनवायला नाव-गाव विचारलं की तिथून उठ. प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड घे आणि निघेल तोच ठेव. 'हा बोजड दिसतो, दुसरा दे' असं करू नकोस. सगळे त्या साधनातल्याच एका कुलूपबंद तिजोरीत राहतील. तिचा तेवढा पासवर्ड पाठ कर: फासे टाकून पडतील त्या आकड्यांसमोरचे, शब्दांच्या यादीतले सहा शब्द. मलाही सांगू नकोस.

पुढे ते साधन 'विश्वासू व्यक्ती' कोण ते विचारेल. त्या व्यक्तीनं मागणी केली आणि तू ठरल्या मुदतीत नकार दिला नाहीस, तर तिजोरी तिला उघडते. मुदत महिन्याची ठेव. माझा तो रकाना रिकामाच आहे. कोणाला लिहू, कळलं नाही.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.
धाकटी

२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

साधन घेतलं. इंटरनेट बंद करून पाहिलं, चालतं. सहा शब्द पाठ झाले. भांडी घासताना मोठ्यानं म्हणते. ऐकायला आहे कोण?

विश्वासू व्यक्ती म्हणून तुला लिहिलं. विचारलं नाही, मोठ्या बहिणी विचारत नसतात. तुझ्या रकान्यात मला लिही.

मुदतीचं मात्र ऐकलं नाही. महिना फार झाला. मी दोन दिवस ठेवलेत. कपाळाला हात लावशील, लाव. दर रविवारी तू मागणी करायची. मी नकार देईन. ज्या रविवारी देणार नाही, त्या वेळी तिजोरी राहू दे, आधी तू ये.

ताई