ब्रह्मस्थानातलं धुराडं

प्रिय मिहीर,

वारसा समितीचा निकाल तुला मेलवर मिळालाच असेल. त्यात नुसतं 'अर्ज नामंजूर' लिहितात, म्हणून हे घरगुती पत्र.

गुरुवारी टाउन हॉलमध्ये तू मला ओळखलंस आणि तुझा चेहरा खुलला. आपलं माणूस समितीवर आहे, आता काम झालंच, असं वाटलं ना? शेजारी बसलेल्या तुझ्या आईने, शोभनाकाकूंनी, मला ओळखलं नाही. केस पिकलेत त्यांचे, बसण्याचा रुबाब तोच आहे.

इमारत मात्र छान घेतलीस हं. शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रजाने इथे मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्या गावच्या पबच्या आठवणीत बांधलेली. काळ्या लाकडी चौकटी, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचा आणि बरोबर मधोमध, खालच्या दोन्ही खोल्यांना ऊब देणारं विटांचं धुराडं. खाली रेस्टॉरंट, वर घर, म्हणून जवळच्या श्रूजबरीतलं राहतं घरही विकून बसलास. आणि वास्तुवाल्याला दाखवलीस ती सगळं झाल्यावर! ब्रह्मस्थानात अग्नी, इथे कोणी सुखाने नांदणार नाही, असं त्याने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं. काकू उंबऱ्याच्या आत यायला तयार नाहीत, तुझी बायको प्रीता मुलीला घेऊन मोटेलमध्ये. तू हात जोडून सांगत होतास, आई इज नॉट कम्फर्टेबल, तेवढं धुराडं पाडू द्या. मला तुझी दया यायला हवी होती. नाही आली. मजा वाटली.

जुन्या इमारतीचं रस्त्यावरून दिसतं ते पाडता येत नाही, हा नियम खराच. पण मालक अडचणीत असेल तर सवलतही देता येते. तुम्ही बाहेर गेल्यावर दोन मतं तुझ्या बाजूने पडली, दोन विरुद्ध. उरलं माझं. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, तू त्यांच्यातलीच, या लोकांना याचा खरंच एवढा त्रास होतो का? मी म्हटलं, छे, आमच्यात हे कोणी मनावर घेत नाही.

तुझ्या घरी कोणी मनावर घेतलं नसतं, तर नागपुरात आपल्या लग्नाचा हॉल ठरल्यावर माझ्या पत्रिकेतला मंगळ निघाला नसता. माझे बाबा तुमच्या दाराशी उभे राहून विनवत होते, शांत करून घेऊ, हवी ती पूजा करू. काकूंनी त्यांना आत घेतलं नाही आणि तू मागे उभा राहून मान खाली घातलीस. बाबा मागच्या वर्षी गेले. काकूंना हे पत्र वाचून दाखव आणि सांग, वास्तुशांत करून घ्या. चालतं म्हणे तेवढ्याने.

समितीची नव्हे, एकेकाळची तुझीच,
अंतरा