मुंडोबाचं तीर्थ

ता. कंधार, जि. नांदेड
दि. १९ ऑगस्ट २०२५

चि. शिल्पास आजोबांचा आशीर्वाद.

अमरेशरावांची पाठ कशी आहे? सासूबाईंचा गुडघा? ज्ञानेश्वरीला दात येऊन राहिले म्हणालीस, ताप तर नाही ना? तुझा खोकला गेला का? इकडं मी बरा. म्हैस व्याली, पारडी झाली. फोनच केला असता, पण तुझी आजी कान देऊन शेजारी बसते, म्हणून पत्र.

तू विचारलंस, अणुभट्टीचा कचरा पुरला तर हजारो वर्षांनी, आपली भाषा कुणाला कळेनाशी झाल्यावर, 'इथं खणू नका' हे कसं सांगायचं? तुमच्या ऑफिसात दगडावर चित्रं कोरायचं घाटतंय म्हणे. बाई, त्याआधी हे वाच.

आपल्या माळावरचा मुंडोबा देव नाही गं. माझ्या तरुणपणी तिथं गोदामातली फवारणीची जुनी, विषारी पावडर पुरली. गावात वाचणारे कमी, म्हणून दगडावर कवटी कोरली. ते पाहिलेला मी एकटाच उरलोय. पुढं कुणीतरी शेंदूर लावला, खोबणीत चांदीचे डोळे बसवले. लोक हात जोडायचे, खणत कुणी नव्हतं. मला वाटलं, बरंच झालं. यंदा उन्हाळ्यात देवळासाठी तिथंच बोअर पाडलं. पाणी लागलं. तेच तीर्थ म्हणून वाटतात.

सरपंच व्यंकटला गाठलं. तो हसला. "काका, इख पुरल्या जागी कुणी देवाचं तोंड कोरतंय व्हय?"

"आरं, ती कवटी हाय!"

"मग डोळे कसे हायत?"

हजार वर्षं कशाला, शिल्पा, माझ्या डोळ्यांदेखत झालं हे.

आजीचं लिहायचं मघापासून टाळतोय. तिचे हात थरथरतात. काल पिठाची परात सुटली. पोटात अन्न ठरत नाही. जितकं दुखतं तितकं जास्त तीर्थ पिते. तांब्या लपवला, तर बोअरवर जाऊन ओंजळीनं प्याली. वर मलाच म्हणते, "देवाला नावं ठेवता, म्हणून मला भोगावं लागून राहिलंय."

पाण्याची बाटली नांदेडला तपासायला दिलीय. पण कागद आला तरी ती मानायची नाही. तुझं मानते. तुमच्या दगडावर काय कोरावं, मला खरंच सुचत नाही. आधी हिला वाचव.

पत्र मिळताच तिला फोन कर, नाहीतर गाडीच धर. हे लिहितोवर ती चपला घालून माळाकडं निघालीय. मी मागं जातो.

तुझा भ्यालेला आजोबा,
शेषेराव